बातमीदार नसलेल्या गावाचा हिशेब

७ लाख ८७ हजार ६३७ डॉलर. लॉस एंजेलिसला खेटून असलेल्या बेल नावाच्या लहानशा शहराचे मुख्य प्रशासक रॉबर्ट रिझो यांचा हा २०१०मधला वार्षिक पगार. अमेरिकेच्या अध्यक्षांना वर्षाला ४ लाख डॉलर मिळतात. बेलची वस्ती सुमारे ३७ हजार, त्यातही बहुतेक कुटुंबं हातावर पोट असलेली, स्थलांतरित. पोलीसप्रमुखांना वर्षाला ४ लाख ५७ हजार डॉलर मिळत होते आणि अर्धवेळ काम करणारे नगरसेवक लाखाच्या घरात डॉलर उचलत होते.

हे आकडे डोळ्यांत भरतात. पण मला त्यांच्याहून बोलका वाटतो तो दुसराच एक आकडा, ४००चा. २००५च्या नोव्हेंबरात बेलमध्ये एक खास मतदान झालं. शहराने स्वतःची सनद स्वीकारावी का, एवढाच प्रश्न मतपत्रिकेवर होता. वरवर पाहता हा कागदोपत्री मामला. प्रत्यक्षात सनद मिळालेल्या शहराला नगरसेवकांच्या पगारावरची राज्याची मर्यादा लागू होत नाही, आणि त्या मतदानात पुढच्या सगळ्या प्रकाराचं दार उघडलं गेलं. मतदानाला आलेल्यांची संख्या चारशेसुद्धा भरली नाही. त्यानंतर साडेचार वर्षं शहराच्या तिजोरीतून पैसा जात राहिला. बेलच्या सभागृहात नेमाने जाऊन बसणारा, अंदाजपत्रक चाळणारा एकही बातमीदार त्या काळात नव्हता. 'लॉस एंजेलिस टाइम्स'चे जेफ गॉटलीब आणि रुबेन व्हिव्हेस तिथे पोचले तेही शेजारच्या मेवूड गावातल्या भानगडीचा माग काढत. जुलै २०१०मध्ये त्यांची बातमी छापून आली आणि काही दिवसांत रिझोंना खुर्ची सोडावी लागली. २०११मध्ये या वार्तांकनाला पुलित्झर पारितोषिक मिळालं, तर २०१४मध्ये रिझोंना १२ वर्षांची शिक्षा झाली.

अमेरिकी राजकारणावर माध्यमांचा प्रभाव किती, हा प्रश्न निघाला की आपल्यासमोर फॉक्स न्यूज, सीएनएन, 'न्यूयॉर्क टाइम्स' आणि रात्रीच्या वादचर्चा येतात. मी बेलपासून सुरुवात केली, कारण उपलब्ध मोजमापं मांडून पाहिली की त्यांतून वेगळंच चित्र निघतं. मोठी माध्यमं मतं फिरवतात, पण थोडी. लहान माध्यमं नाहीशी होतात तेव्हा मात्र कारभारच बदलतो. तो बदल दिसत नाही, कारण दाखवणारं तिथे कुणी उरलेलं नसतं.

आधी मोठ्यांचा हिशेब.

फॉक्स न्यूज ही वाहिनी ७ ऑक्टोबर १९९६ रोजी सुरू झाली. पुढच्या चार वर्षांत ती सगळीकडे एकदम पोचली नाही. कोणत्या गावच्या केबलवाल्याने ती घेतली आणि कुणी नाही, हे बरंचसं योगायोगावर अवलंबून होतं. स्टेफानो डेलाविन्या आणि ईथन कॅप्लन या अर्थशास्त्रज्ञांनी नेमका याचा उपयोग करून घेतला. ९,२५६ गावांच्या मतदानाची आकडेवारी त्यांनी जमवली. २०००पर्यंत त्यांपैकी सुमारे २० टक्के गावांत फॉक्स आली होती. ती आलेली गावं आणि न आलेली गावं यांची १९९६ आणि २०००च्या अध्यक्षीय मतदानात तुलना केली, तेव्हा फॉक्सच्या गावांत रिपब्लिकन पक्षाचा वाटा एकूण मतांच्या ०.४ ते ०.७ टक्क्यांनी जास्त वाढलेला आढळला. एक लाख मतं पडणाऱ्या गावात चारशे ते सातशे मतं, असं समजा.

आकडा क्षुल्लक वाटेल. पण त्याच निवडणुकीत फ्लोरिडातल्या सुमारे ६० लाख मतांमधून जॉर्ज बुश ५३७ मतांनी पुढे राहिले आणि राष्ट्राध्यक्ष झाले. यावरून फॉक्सने बुशना जिंकवलं असा निष्कर्ष काढायची घाई मी करणार नाही. ५३७ मतांच्या निवडणुकीत त्या दिवशीचा पाऊस, मतपत्रिकेची रचना, यादीतून गळलेली नावं, यांतलं काहीही निर्णायक म्हणता येतं. एवढं मात्र खरं की अमेरिकेत परिणाम लहान असला तरी निकालाचं अंतर त्याहून लहान असू शकतं. २०२४मध्येही विस्कॉन्सिनचा निकाल एका टक्क्याहून कमी अंतराने लागला.

या प्रकारचा आणखी एक अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. केबलच्या यादीत वाहिनीचा क्रमांक जितका वर, तितकी ती जास्त पाहिली जाते. रिमोटवर बोट फिरवताना सगळेच असं करतात. ग्रेगरी मार्टिन आणि अली युरुकोग्लू यांनी या क्रमांकाचाच मापासारखा वापर केला. क्रमांकामुळे आठवड्याला फॉक्स अडीच मिनिटं जास्त पाहिली गेली, तर रिपब्लिकन मतांचा वाटा ०.३ टक्क्यांनी वाढतो, असं त्यांचं उत्तर आलं. आठवड्यातली अडीच मिनिटं! या मोजमापात मला सगळ्यांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते. पाहणाऱ्याने काही ठरवलेलं नसतं, केबलवाल्याने कुठला तरी क्रमांक दिलेला असतो.

वर्तमानपत्रांचाही असा प्रयोग झाला आहे. २००५मध्ये व्हर्जिनिया राज्यातल्या प्रिन्स विल्यम कौंटीत काही घरांना 'वॉशिंग्टन पोस्ट' फुकट देण्यात आला, काहींना उजवीकडे झुकलेला 'वॉशिंग्टन टाइम्स' आणि काहींना काहीच नाही. (कौंटी म्हणजे आपल्याकडच्या तालुक्या-जिल्ह्यासारखा कारभाराचा घटक.) 'पोस्ट' मिळालेल्यांमध्ये गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक उमेदवाराला मत देणाऱ्यांचं प्रमाण ८ टक्क्यांनी जास्त निघालं. गंमत अशी की 'टाइम्स' मिळालेल्यांचा कलही डेमोक्रॅटकडेच झुकलेला दिसला, आणि दोन्हीपैकी कोणत्याही अंकाने लोकांचं राजकीय ज्ञान वाढल्याचं आढळलं नाही. म्हणजे वाचकाला पत्राच्या अग्रलेखाने ओढून नेलं असं सरळ म्हणता येत नाही. त्या काळात बातम्या कशाबद्दल होत्या, यालाही वजन होतं.

'कशाबद्दल' हाच मुद्दा माध्यमांच्या अभ्यासात १९६८पासून मध्यभागी आहे. त्या वर्षी मॅक्सवेल मॅककॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिल या गावी मत निश्चित न केलेल्या १०० मतदारांना विचारलं, की देशापुढचे महत्त्वाचे प्रश्न कोणते. मग त्या भागात पोचणाऱ्या माध्यमांनी कोणत्या प्रश्नांना किती जागा दिली ते मोजलं. दोन याद्या जवळजवळ एकसारख्या निघाल्या, सहसंबंध ०.९७च्या आसपास. माणसाने काय मत बनवावं हे माध्यमांना फारसं ठरवता येत नसेल, पण मत कोणत्या विषयावर बनवायचं हे ते ठरवतात.

२०१६ साली या नियमाला पैशांचा आकडा मिळाला. जाहिरातीसाठी दमडी न देता बातम्यांतून मिळालेल्या प्रसिद्धीची किंमत मोजणाऱ्या मीडियाक्वांट या कंपनीच्या हिशेबाने फेब्रुवारी २०१६पर्यंत डोनाल्ड ट्रम्प यांना १.९ अब्ज डॉलरची फुकट प्रसिद्धी मिळाली होती. तोवर जाहिरातींवर त्यांनी खर्च केला होता सुमारे १ कोटी डॉलर. त्यांच्याच पक्षातले जेब बुश यांच्या बाजूने ८ कोटी २० लाख डॉलरच्या जाहिराती झाल्या आणि फुकट प्रसिद्धी मिळाली २१ कोटी ४० लाखांची. फेब्रुवारी संपायच्या आत बुश मैदानाबाहेर होते. यात ट्रम्प यांची सगळी प्रसिद्धी अनुकूल होती असं अजिबात नाही. टीकेची बातमीही जागा खाते, आणि ती जागा दुसऱ्या कुणाला मिळत नाही.

उलट बाजू पाहायची तर एक मराठी नाव आठवतं. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागत होते. स्वतःच्या खिशातले एक कोटी डॉलरहून अधिक त्यांनी ओतले, त्यांतला मोठा भाग टीव्हीच्या जाहिरातींवर. राज्यभर नाव झालं, सुरुवातीच्या काही चाचण्यांत ते आघाडीवरही दिसले. ऑगस्टमध्ये मतं मोजली तेव्हा ते तिसरे होते, सुमारे १८ टक्क्यांवर. ग्रेचन व्हिटमर ५२ टक्क्यांनी जिंकल्या. ठाणेदार पुढे राज्य विधिमंडळात गेले आणि २०२३पासून डेट्रॉइट परिसराचे प्रतिनिधी म्हणून अमेरिकी काँग्रेसमध्ये आहेत. पैसा नाव घरोघरी पोचवतो. मत मिळवायला आणखी काही लागतं. जोशुआ कॅला आणि डेव्हिड ब्रूकमन यांनी प्रचाराच्या ४९ क्षेत्रीय प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१८मध्ये प्रसिद्ध केला. सार्वत्रिक निवडणुकीत प्रचाराने माणसाची निवड बदलण्याचा सरासरी परिणाम त्यात शून्याजवळ निघाला.

याच दोघांनी २०२०च्या सप्टेंबरात एक विलक्षण प्रयोग केला. फॉक्स नियमित पाहणाऱ्या ७६३ जणांपैकी काहींना त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडलं आणि महिनाभर सीएनएन पाहायचे तासाला १५ डॉलर दिले. लोकांनी खरंच सीएनएन पाहिली, आणि कोविडपासून टपाली मतदानापर्यंत अनेक बाबतींत त्यांची माहिती आणि मतं बदलली. कोणती वाहिनी कोणती बातमी दाखवतच नाही, हेही त्यांच्या लक्षात येऊ लागलं. पैसे थांबले तसे ते फॉक्सकडे परतले आणि दोन महिन्यांत बहुतेक बदल विरून गेले.

तेव्हा मोठ्या माध्यमांचा परिणाम खरा आहे, मोजता येतो, बहुधा लहान असतो आणि टिकवायचा तर रोज घासावा लागतो. शिवाय त्यांचे प्रेक्षक आपण समजतो त्याहून फार कमी आहेत. २०२४ या निवडणुकीच्या वर्षातही फॉक्सचे रात्रीच्या मुख्य वेळेतले सरासरी प्रेक्षक २४ लाखांच्या आसपास होते, आणि सीएनएनचे ७ लाखांच्या. देशाची लोकसंख्या ३४ कोटी. रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या २०२५च्या पाहणीत अमेरिकेत समाजमाध्यमं आणि व्हिडिओ यांवरून बातम्या घेणारे ५४ टक्के, टीव्हीवरून घेणारे ५० टक्के निघाले. टीव्ही मागे पडण्याची ही पहिली वेळ. जो रोगन या एकट्या पॉडकास्टकर्त्याची बातम्यांवरची चर्चा आदल्या आठवड्यात कानावर आली असं सांगणारे २२ टक्के होते.

आता विश्वासाचा आलेख. गॅलप ही संस्था १९७२पासून विचारत आली आहे, की माध्यमं बातम्या पूर्णपणे, अचूक आणि निःपक्षपणे देतात यावर तुमचा बऱ्यापैकी किंवा पुष्कळ विश्वास आहे का. १९७२मध्ये ६८ टक्के लोक हो म्हणाले. वॉटरगेटनंतर, १९७६मध्ये, ७२ टक्के. २०१६ साली ३२ टक्के. २०२५ साली २८ टक्के, तोवरचा नीचांक. यातली फूट आणखी बोलकी आहे: डेमोक्रॅट ५१ टक्के, रिपब्लिकन ८ टक्के. एका पक्षाच्या शंभरातल्या ब्याण्णव लोकांचा बातमीवर भरवसा नाही. अशा वेळी त्या पक्षाच्या नेत्याविरुद्ध छापलेल्या शोधवार्तेचं काय होणार? २०१६मध्ये सर्वाधिक खपाच्या १०० दैनिकांपैकी ५७ दैनिकांनी हिलरी क्लिंटन यांना जाहीर पाठिंबा दिला होता आणि ट्रम्प यांना फक्त दोघांनी. निकाल सगळ्यांना माहीत आहे.

विश्वास का घसरला याची कारणं एका ओळीत मावणारी नाहीत. रेडिओ आणि टीव्हीने वादग्रस्त प्रश्नांच्या दोन्ही बाजू मांडाव्यात, हे बंधन १९४९पासून होतं आणि १९८७मध्ये ते केंद्रीय दळणवळण आयोगाने काढलं. १९८८मध्ये उजव्या विचारांच्या रश लिंबॉ यांचा रेडिओ कार्यक्रम देशभर ऐकू येऊ लागला. मात्र ते बंधन फक्त हवेतून प्रक्षेपण करणाऱ्यांना होतं. केबलला ते तसंही लागू झालं नसतं, हे विसरून बरेच लोक सगळा दोष या एका निर्णयाला देतात. माध्यमांच्या स्वतःच्या चुकाही आहेतच. २०२०च्या निवडणुकीत मतदान यंत्रांत गडबड झाल्याचे खोटे आरोप प्रसारित केल्याबद्दल डॉमिनियन कंपनीने फॉक्सवर दावा लावला, आणि एप्रिल २०२३मध्ये फॉक्सने ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन तो मिटवला.

आणि आता, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो हिशेब.

२००५मध्ये अमेरिकेत ८,८९१ वर्तमानपत्रं होती, दैनिकं आणि साप्ताहिकं मिळून. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या मेडिल पत्रकारिता विद्यालयाच्या २०२४च्या पाहणीत ती ५,६००च्या आसपास उरलेली होती. आठवड्याला दोनहून अधिक, या वेगाने वर्तमानपत्रं बंद पडत आहेत. देशात तीन हजारांहून थोड्या जास्त कौंटी आहेत. त्यांतल्या दोनशेहून अधिक ठिकाणी स्थानिक बातमी देणारं काहीही नाही. वर्तमानपत्र नाही, संकेतस्थळ नाही, रेडिओ नाही. आणखी सुमारे १,५६० ठिकाणी २०२४मध्ये एकच काहीतरी होतं, बहुतेकदा साप्ताहिक. अशा ठिकाणी राहणारे सुमारे साडेपाच कोटी लोक होते, म्हणजे साधारण महाराष्ट्राची निम्मी लोकसंख्या.

माणसं मोजायची तर प्यू संशोधन केंद्राचा आकडा घ्या. वर्तमानपत्रांच्या संपादकीय विभागांत २००८मध्ये ७१ हजार लोक कामाला होते. २०२०मध्ये ३१ हजार. बारा वर्षांत निम्म्याहून अधिक टेबलं रिकामी झाली. राज्यांच्या विधिमंडळांत पूर्णवेळ बसणारे सर्व माध्यमांचे मिळून बातमीदार २०२२ साली ८५० होते. आमदार आहेत सात हजारांहून अधिक.

हे का झालं, तर जाहिरात गेली. २००५च्या सुमारास अमेरिकी वर्तमानपत्रांचं जाहिरातींचं उत्पन्न वर्षाला ४९ अब्ज डॉलरपर्यंत गेलं होतं. २०२०पर्यंत ते १० अब्जांच्या खाली आलं, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच जाहिरातींपेक्षा अंकाच्या विक्रीतून जास्त पैसे आले. छोट्या जाहिरातींचा, म्हणजे घर भाड्याने देणे, जुनी गाडी विकणे, नोकर पाहिजे, यांचा धंदा क्रेग्सलिस्ट या जवळजवळ फुकट असलेल्या संकेतस्थळाने नेला. एका अभ्यासाच्या हिशेबाने २००० ते २००७ या काळात त्याने जाहिरातदारांचे ५ अब्ज डॉलर वाचवले. ते पैसे वर्तमानपत्रांच्या तिजोरीतून गेले. जुनी गाडी विकणाऱ्याचा त्यात फायदाच झाला. पण नगरसभेत बसणाऱ्या बातमीदाराचा पगार त्याच जाहिरातीतून निघत होता, ही जोडणी कुणी मुद्दाम केलेली नव्हती आणि तुटली तेव्हा कुणाच्या लक्षातही आली नाही.

पुढे काय होतं? २००७च्या शेवटच्या दिवशी 'सिनसिनाटी पोस्ट' बंद पडला. खप २७ हजार, शहरात दुसरं मोठं दैनिक चालू. तरीही नदीपलीकडच्या केंटकी राज्यातल्या ज्या उपनगरांवर 'पोस्ट'चं जास्त लक्ष असे, तिथे पुढच्या निवडणुकांत कमी उमेदवार उभे राहिले, खुर्चीत बसलेले जास्त वेळा निवडून आले आणि मतदान घटलं. दोन अर्थशास्त्रज्ञांनी गावागणिक हे मोजलं. लहान भागाचा अभ्यास आहे, त्यावर सगळ्या देशाचा डोलारा उभा करता येणार नाही, पण दिशा बेलसारखीच आहे.

पैशांत मोजलेला परिणाम तर थेट करदात्याच्या खिशाला लागतो. अमेरिकेतली शहरं शाळा, रस्ते, पाणीपुरवठा यांसाठी रोखे विकून कर्ज उभारतात. वर्तमानपत्र बंद पडलेल्या कौंटीत या कर्जाचा व्याजदर कालांतराने ०.०५ ते ०.११ टक्क्यांनी चढतो, असं वित्तशास्त्राच्या तीन अभ्यासकांनी दाखवलं. १० कोटी डॉलरच्या कर्जावर ०.१ टक्का म्हणजे दरवर्षी १ लाख डॉलर. कारभारावर नजर ठेवणारा कुणी नसेल तर पैसे देणाऱ्याला जोखीम वाढलेली दिसते आणि तो तिची किंमत लावतो. एका बातमीदाराचा वर्षाचा पगार त्यात निघून काही उरलं असतं.

काँग्रेसच्या सदस्यांचंही तसंच. जेम्स स्नायडर आणि डेव्हिड स्ट्रॉम्बर्ग यांनी एक साधी गोष्ट हेरली. वर्तमानपत्राच्या विक्रीचं क्षेत्र आणि मतदारसंघाची सीमा काही ठिकाणी जुळतात, काही ठिकाणी नाही. जिथे जुळत नाहीत तिथे खासदाराबद्दल कमी छापलं जातं, मतदारांना त्याचं नावही कमी माहीत असतं. असा खासदार समित्यांपुढे आपल्या भागाची बाजू मांडायला कमी जातो, पक्षाविरुद्ध मत देण्याचं धाडस कमी करतो, आणि त्याच्या भागात केंद्राचा पैसाही कमी येतो.

पक्षाविरुद्ध न जाण्याचा हा धागा मतदारापर्यंतही येतो. वर्तमानपत्र बंद झालेल्या ठिकाणी वरच्या पदाला एक पक्ष आणि खालच्या पदाला दुसरा, असं वाटून मत देण्याचं प्रमाण १.९ टक्क्यांनी घटलं, असं २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं. २०१६मध्ये सिनेटच्या ३४ जागांची निवडणूक झाली, आणि प्रत्येक राज्यात अध्यक्षपदासाठी ज्या पक्षाला मत पडलं त्याच पक्षाचा सिनेटर निवडून आला. थेट निवडणुका सुरू झाल्यापासून असं कधी घडलं नव्हतं. २०२०मध्ये फक्त मेन राज्यात सुझन कॉलिन्स अपवाद ठरल्या. २०२४मध्ये चार राज्यांत फरक पडला, तेव्हा वाट पूर्ण बंद झालेली नाही. पण स्थानिक माणसाबद्दल काहीच वाचायला मिळत नसेल, तर मतदार नावापुढचा पक्ष पाहणार, आणि पक्षाबद्दलचं मत वॉशिंग्टनच्या बातम्यांवरून बनवणार. त्याचा यात काय दोष?

मेडिलने २०२४च्या निकालानंतर हिशेब केला, तेव्हा बातमी नसलेल्या कौंटींपैकी ९१ टक्के ठिकाणी ट्रम्प जिंकलेले दिसले, तेही सरासरी ५४ टक्क्यांच्या फरकाने. हा आकडा फार फिरला आणि चुकीचा वाचलाही गेला. या कौंटी ग्रामीण आहेत, गरीब आहेत, वयस्क आहेत. वर्तमानपत्र असतं तरी बहुतेक ठिकाणी असाच निकाल लागला असता. कुणाला मत पडलं यापेक्षा, निवडून आलेल्याने पुढे काय केलं हे तिथल्या माणसाला कुठून कळणार, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. तो दोन्ही पक्षांच्या मतदाराला सारखाच लागू आहे.

बातमी छापली, तरी ती पुढे नेणारं कुणी हवं. लाँग आयलंडवरच्या 'नॉर्थ शोअर लीडर' या साप्ताहिकाने २०२२च्या निवडणुकीपूर्वीच जॉर्ज सँटोस या काँग्रेसच्या उमेदवाराच्या अचानक वाढलेल्या संपत्तीबद्दल शंका छापल्या होत्या. ८ नोव्हेंबरला सँटोस निवडून आले. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्यांच्या बनावट आयुष्यकथेचा पडदा उघडला तो १९ डिसेंबरला. १ डिसेंबर २०२३ रोजी ३११ विरुद्ध ११४ मतांनी त्यांची हकालपट्टी झाली. देशातली सगळी मोठी माध्यमं जिथे बसलेली आहेत त्या न्यूयॉर्कच्या वेशीवर हे घडलं. पूर्वी असा धागा उचलायला मधल्या फळीतली दैनिकं असत. ती फळीच आता विरळ झाली आहे.

हे सगळं चालू असताना वरूनही दाब वाढतो आहे. जुलै २०२५मध्ये सीबीएस वाहिनीची मालक असलेल्या पॅरामाउंट कंपनीने ट्रम्प यांचा त्या वाहिनीवरचा दावा १ कोटी ६० लाख डॉलर देऊन मिटवला; त्याच महिन्यात तिच्या विलीनीकरणाला दळणवळण आयोगाची मंजुरी मिळाली. त्याच महिन्यात काँग्रेसने सार्वजनिक रेडिओ-टीव्हीचा १.१ अब्ज डॉलरचा निधी रद्द केला, सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ४८ मतांनी, प्रतिनिधिगृहात २१६ विरुद्ध २१३. १९६७च्या कायद्याने उभी राहिलेली आणि सुमारे १,५०० स्थानिक केंद्रांना पैसा पोचवणारी संस्था त्यानंतर गुंडाळायला लागली. मोठ्या शहरांतली केंद्रं श्रोत्यांच्या देणग्यांवर तग धरतील. अलास्कातल्या, आदिवासी भागांतल्या केंद्रांच्या उत्पन्नात या निधीचा वाटा खूप मोठा होता, आणि तिथे दुसरी बातमी नव्हतीच.

लोकांना स्थानिक बातमी नको आहे, असं मात्र नाही. प्यूच्या २०२४च्या पाहणीत ८५ टक्के लोकांनी स्थानिक माध्यमं महत्त्वाची असल्याचं सांगितलं, आणि ७१ टक्क्यांच्या मते स्थानिक पत्रकार बातम्या अचूक देतात. देशपातळीवर २८ टक्के विश्वास आणि गावपातळीवर ७१; प्रश्न वेगवेगळे असल्याने हे आकडे शेजारी मांडताना जपायला हवं, तरी अंतर मोठं आहे. पाहणीआधीच्या वर्षभरात स्थानिक बातमीसाठी पैसे मोजलेले लोक होते १५ टक्के. आणि ६३ टक्के लोकांना वाटत होतं, की आपल्या भागातल्या माध्यमांचं आर्थिकदृष्ट्या बरं चाललं आहे.

गावाच्या प्रश्नांना जागा दिली तर काय होतं, हेही एकदा पाहिलं गेलं. कॅलिफोर्नियातल्या पाम स्प्रिंग्जच्या 'डेझर्ट सन' या दैनिकाने २०१९च्या जुलैत एक महिना मतांच्या पानावरून राष्ट्रीय राजकारण बाजूला ठेवलं. ट्रम्प नाहीत, वॉशिंग्टन नाही. त्याच राज्यातल्या दुसऱ्या एका दैनिकाच्या वाचकांशी तुलना करून तीन संशोधकांनी पाहिलं, तेव्हा त्या उन्हाळ्यात दोन पक्षांतली कटुता पाम स्प्रिंग्जकडे थोड्या मंद गतीने वाढलेली दिसली. परिणाम लहानच होता. वाचकांची पत्रं मात्र थांबली नाहीत. लोक रस्त्यावरच्या रहदारीबद्दल लिहू लागले, आणि गावातल्या जुन्या इमारती कशा टिकवायच्या याबद्दल.